पायी वारीला लोक का जातात? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझं सासवडला लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, दहा बाय बाराचं, दोन शिलाई मशीन आणि एक पिकोचं. आषाढी वारीत माऊलींची, म्हणजे ज्ञानेश्वरांची, पालखी आमच्या गावात दोन रात्री मुक्कामाला असते, आणि त्याच्या आधीचा महिनाभर माझ्याकडे ब्लाउजपेक्षा चोरखिशाची कामं जास्त येतात. परकराला आतल्या बाजूने खिसा, वर चेन, आत मोबाईल, पैसे आणि गोळ्यांची पट्टी बसली पाहिजे. बायका तेवढ्या वेळ दुकानात बसतात आणि बसल्या की बोलतात. मी स्वतः ६ वेळा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चाललेय, त्यामुळे भाचीपासून गिऱ्हाइकाच्या सुनेपर्यंत सगळे मलाच विचारतात. दरवर्षी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाईप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी कीर्तनकार नाही, अभ्यासक तर नाहीच नाही.

वारी म्हणजे नक्की किती चालायचं?

आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, मुक्काम धरून वीस दिवसांच्या आसपास. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीतून माऊलींची, आणि आषाढ शुद्ध दशमीला दोन्ही पंढरपुरात. सगळं तिथीवर असल्यामुळे तारीख दरवर्षी सरकते, २०२४ ला आषाढी १७ जुलैला होती, २०२५ ला ६ जुलैला. त्यामुळे "ताई रजा कधीची टाकू" असं मला विचारू नका, कालनिर्णय बघा.

रोजची चाल सारखी नसते. कुठे दहा-बारा किलोमीटर, कुठे वीसच्या वर. सगळ्यात मोठा टप्पा पुणे ते सासवड, तीसेक किलोमीटर, मध्ये दिवेघाट, आणि त्या दिवशी बहुतेक वेळा एकादशी असते म्हणजे उपाशीपोटी. रथाला घाटात जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, माणसांना कोण लावणार. म्हणून त्या दिवशी आमच्या गावात घरोघरी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू, मोठ्या पातेल्यात. आमच्याकडे ५ किलो साबुदाणा आदल्या रात्री भिजतो आणि दरवर्षी सासरे म्हणतात की कमी पडणार.

आणि हे फक्त देहू-आळंदीचं नाही हां. शेगावहून गजानन महाराजांची पालखी येते ती सातशे किलोमीटरच्या वर चालून, त्यांचा महिना रस्त्यातच जातो. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची, पैठणहून एकनाथांची आणि आमच्या सासवडहून सोपानकाकांची. शेवटी वाखरीला सगळ्या भेटतात आणि पंढरपूरहून नामदेवांची पालखी या सगळ्यांना घ्यायला येते, पाहुण्यांना वेशीवर घ्यायला जातात तसं.

एसटी आहे, ट्रेन आहे, मग चालायचं कशाला?

विचारणाऱ्याला वाटत असतं की वारी म्हणजे दर्शन. दर्शनच पाहिजे असेल तर खरंच एसटीने जावं, गर्दी नसलेला एखादा साधा दिवस बघून जावं, आरामात होतं. आषाढीला दर्शनाची रांग पंढरपूरच्या बाहेर गोपाळपूरपर्यंत जाते आणि जी माणसं वीस दिवस चालून आलेली असतात त्यातली कितीतरी त्या रांगेला लागतच नाहीत! चंद्रभागेत स्नान, प्रदक्षिणा, नामदेव पायरीला लांबून नमस्कार, कळस दिसला की हात जोडले, झालं. पहिल्या वर्षी मला हे बघून धक्काच बसला, म्हणलं एवढं चालून आलो आणि देवाला न भेटता परत? आमच्या दिंडीतल्या आजी पिशवी बांधता बांधता म्हणाल्या, "तो काय पळून चाललाय व्हय. हुबाच हाय की."

आता बघा, विठ्ठलाची गोष्टच तशी आहे. पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, देव दारात आला तर याने वीट फेकली आणि सांगितलं थांब जरा, माझं काम चालू आहे. तेव्हापासून तो कमरेवर हात ठेवून थांबलाय. देवालाच थांबायची सवय, मग पोचायची घाई कुणाला आणि कशाला.

वारी शब्दाचा अर्थच मुळात परत परत जाणं. एकदा जाऊन आला तो पंढरपूरला जाऊन आला, वारकरी नाही झाला. माळ घातलेल्या माणसाला वर्षाच्या वाऱ्या ठरलेल्या असतात, आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, निदान एक तरी. म्हणजे त्याला "का जाता" विचारणं म्हणजे "दिवाळी का करता" विचारण्यासारखं आहे, तो तुमच्याकडे बघत राहतो.

(एक गंमत सांगते. एकादशीला पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा होते, तेव्हा रांगेतलं एक जोडपं मानाचे वारकरी म्हणून त्यांच्याबरोबर पूजेला असतं. त्यांना सत्कारात काय मिळतं? एसटीचा वर्षभराचा फुकट पास.)

मग तुमच्या दुकानात लोक कारण काय सांगतात?

सगळ्यात जास्त येणारं उत्तर म्हणजे "घरात वारी आहे". म्हणजे आज्याची होती, वडिलांची होती, आता माझी. सातबाऱ्यावर नाव लागावं तशी लागते. वडील गेले की भावाभावात जमीन वाटली जाते आणि वारी कुणी घ्यायची हेही ठरतं, कधी कधी त्याच्यावरून भांडणं पण होतात, मी ऐकलीयेत. आणि ही काय आजची रीत नाही, खुद्द ज्ञानेश्वरांच्या वडिलांच्या घरात पंढरीची वारी होती असं सांगतात. पादुका पालखीत ठेवून न्यायला सुरुवात केली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी, १६८५ साली. आज माऊलींच्या सोहळ्याला जी शिस्त दिसते, दिंड्यांचे नंबर, पुढच्या कोण मागच्या कोण, घोडे, तंबू, ती हैबतबाबा आरफळकरांची. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, १८३२ च्या सुमाराला त्यांनी हा सोहळा बांधला. लष्करातली शिस्त त्यात आली असं म्हणतात ते पटतं, कारण एवढ्या लाखांच्या गर्दीत २७ दिंड्या रथाच्या पुढे आणि बाकीच्या मागे आपापल्या नंबरात चालतात आणि कुणी कुणाच्या मध्ये घुसत नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत हे जमत नाही.

दुसरं कारण म्हणजे घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. एक बाई आल्या होत्या, कोरोनात नवरा गेलेला. खिसा मोठा ठेवा म्हणाल्या. मी विचारलं पैसे बरेच नेताय का, तर म्हणाल्या त्यांचा मोबाईल पण बरोबर घेणार आहे, बंद आहे पण घेणार. मग बराच वेळ गप्प आणि मग म्हणाल्या घरी जो येतो तो तोंड पाडून येतो हो, तिथे कुणाला माहीतच नसेल. मला ते एकदम कळलं. वारीत तुम्हाला कुणी आडनाव विचारत नाही, गाव विचारतात आणि जेवलात का विचारतात. विधवा, सेवानिवृत्त, घटस्फोटित, नापास, ही सगळी नावं आळंदीला राहतात आणि वीस दिवस तुम्ही फक्त माऊली.

एका आईने मुलासाठी सॅकला पावसाचं कव्हर शिवून घेतलं. मुलगा एमपीएससी तीनदा देऊन बसलेला. मुलगाच बरोबर होता, मोबाईलमध्ये बघत. मी गंमतीत म्हणलं काय रे पास होण्यासाठी चाललास का, तर मान वर न करता म्हणाला, "नाही, घरी सगळे विचारतात पुढे काय ठरवलंय. तिथं पुढचं गाव ठरलेलं असतं."

काहींना कारणच नसतं. शेजारीण चालली म्हणून, गाव चाललंय म्हणून, बघू तरी काय आहे म्हणून. खरं सांगू का, मला ही माणसं आवडतात. यांची फोडं आली की बडबड कमी असते, कारण यांनी देवाशी काही सौदा केलेला नसतो.

नवस फेडायला जातात का?

फार कमी. नवस आपल्याकडे खंडोबाला, देवीला. वारकऱ्यांमध्ये नवसाला मान नाही, मागायला जायचं नाही असंच जुने लोक सांगतात. अर्थात मनात कोण काय मागतं ते चोरखिशात, मला कसं कळणार. आणि वाटेत जेजुरी लागते तिथे पालखीवर भंडारा उधळतात तेव्हा अख्खी दिंडी पिवळी होते, तिथे खंडोबाला हळूच काही बोललं तर पांडुरंग रागावत नसावा.

बायका एवढ्या का असतात?

यावर कुणी नीट बोलत नाही म्हणून मी बोलते. खेड्यातल्या बाईला घरातून वीस दिवस बाहेर पडायचं तर कारण काय सांगणार? माहेरी चार दिवस. ट्रिपला जाते म्हणली तर सासू, नवरा, दीर सगळ्यांचं तोंड वाकडं. पण वारीला जाते म्हणली की कुणाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्यालाच पाप लागायचं. पंचावन्न-साठीच्या बायका मला सांगतात की लग्नानंतर पहिल्यांदा एकटी कुठे गेले तर वारीला. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई फोटोत भक्तीचं चित्र दिसते, आहेच, पण ती बाई त्या दिवशी कुणाचा डबा न भरता निघालेली असते हे फोटोत दिसत नाही.

आता यात पण मेख आहे. बऱ्याच दिंड्यांत स्वयंपाकाला बायकाच असतात, पहाटे भाकऱ्या थापून मग चालायला. ज्या दिंडीत आचारी आहे तीच निवडा असं मी सरळ सांगते, त्यावरून दोन-तीन महाराज मंडळी माझ्यावर नाराज आहेत, असू देत.

शेतकरी पेरणी सोडून कसे जातात?

सोडून जात नाहीत, उरकून जातात. पाऊस वेळेवर आला तर पेरून निघतात, पिकं उगवून येईपर्यंत मध्ये जे दिवस असतात त्यात वारी बसते. पाऊस नाही आला तरी निघतातच, आणि मग सगळ्या रस्त्याने डोळे वर. लोणंद-फलटण पट्ट्यात असं एका वर्षी आम्ही कोरडे चाललो. रात्री पुरुष मंडळी घरी फोन लावायची आणि तिकडून एकच वाक्य, अजून नाही. शेवटी बरडच्या अलीकडे पाऊस आला तेव्हा तंबू भिजले, अंथरुणं भिजली, पीठ भिजलं आणि लोक नाचत होते. मला तेव्हा कळलं की शहरातून आलेले आम्ही आणि हे लोक एकाच रस्त्यावर वेगवेगळी वारी चालत होतो.

रोजचा दिवस कसा असतो?

तीनला उठायचं. खरं तर बायकांना दोनलाच, कारण अंधार असेपर्यंत अंघोळ आणि बाकीचं उरकायचं असतं. टँकरला बादल्यांची रांग, थंडगार पाणी, कुठेतरी काकडा चालू झालेला. सामान ट्रकमध्ये टाकायचं, अंगावर फक्त पिशवी, पाण्याची बाटली आणि पाऊस अंगावर घ्यायला प्लास्टिकचा कागद. आपला नंबर येईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून चहा. मग चालायचं, अभंग म्हणत. अभंगांचा क्रम ठरलेला असतो, सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे, वारानुसार वेगळे. विणेकरी मध्ये, टाळकरी दोन्ही बाजूला ओळीत, मृदंग, मागे बायका. पाठ नसले तरी चालतं, दहाव्या दिवसापर्यंत तोंडात बसतात आणि पुढे सहा महिने भांडी घासताना निघतात.

संध्याकाळच्या समाजआरतीबद्दल सांगितलंच पाहिजे. मुक्कामाच्या जागी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम चालू. मग चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत, म्हणजे खरोखर शांत, मैदानात वाऱ्याने पताका हलल्याचा आवाज येतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, चष्मा, पिशवी, कानातलं, एकदा तर कवळी. माणसं सोन्याची वस्तू आणून देतात. पहिल्या वर्षी माझी कात्री हरवली होती, छोटी, धागा तोडायची, माझ्या पहिल्या पगाराची. वाल्ह्याला पुकारली. मी धावत गेले तर देणारा माणूस म्हणतो, "टेलर हाय का माऊली? मंग माझी पिशवी उसावलीय."

पाय दुखत नाहीत का?

दुखतात. प्रश्न काय आहे.

पहिले तीन दिवस पोटऱ्या, चौथ्या दिवसापासून तळव्याला फोड. जुने लोक रात्री सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोरा तसाच आत ठेवतात, पाणी गळून जातं. माझ्याकडे सुईदोरा असतोच त्यामुळे पहिल्या वर्षी मी दिंडीतली अर्धी डॉक्टर झाले. मग रस्त्यातल्या सेवा केंद्रातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला झापलं, चिखलात चालता तुम्ही, त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते, शुगरवाल्यांचा पाय जाईल. तेव्हापासून बंद. नवीन चप्पल घालून निघू नका, महिनाभर आधी वापरलेली घ्या. पायाला रात्री तेल. शुगर, बीपीच्या गोळ्या ट्रकमध्ये नको, अंगावर, खिसा त्यासाठीच आहे.

सेवा मात्र भरपूर. पुण्यात तर विचारू नका, कुणी चप्पल शिवून देतंय, कुणी दाढी करून देतंय, कुणी पाय चेपून देतंय, आणि चेपणारा कॉलेजचा पोरगा, चेपून घेणारे बाबा लाजून चूर.

एकमेकांना माऊली म्हणतात ते ठीक, पण जातपात खरंच नसते का?

असं म्हणायला छान वाटतं. चालताना कुणी विचारत नाही हे मी वर लिहिलंय आणि ते खरं आहे. पण याच पंढरपुरात चोखोबांना आत जाता आलं नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे, आणि देवळाची दारं दलितांना उघडावी म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. तुकोबांपासून चोखोबांपर्यंत संतांनी सांगून शेकडो वर्षं झाली होती तरी. दिंड्या गावच्या, फडाच्या (म्हणजे एखाद्या महाराजांच्या परंपरेच्या) असतात, आणि गावात जे असतं ते थोडंफार पिशवीत घालून येतंच. तरी मी एक गोष्ट बघितली. जेवायला बसल्यावर शेजारी कोण आहे हे बघायची सवय आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्यांना होती, स्पष्टच सांगते, आणि शेवटी शेवटी पायाचा इतका वांधा झाला की ज्याच्या खांद्यावर हात ठेवून ते वेळापूरला आले त्याचं आडनाव त्यांना माहीत होतं. परत गावी गेल्यावर काय झालं माहीत नाही, मी खोटं कशाला सांगू.

रिंगण बघायलाच लोक जातात ना?

टीव्हीवाले जातात. रिंगण म्हणजे वारकऱ्यांच्या मधून घोडे पळवतात ते. गंमत असते, अंगावर काटा येतो, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, मग पुढे गोल रिंगणं. स्वाराचा घोडा पुढे आणि माऊलींचा घोडा मागे, त्यावर कुणी बसत नाही, माऊली बसलेत असं मानायचं. घोडे पळून गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. तुकोबांच्या वाटेवर काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं. पण मला विचाराल तर खरी मजा वेळापूरच्या अलीकडच्या धाव्याची. तुकोबांना तिथल्या उंचावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते पळत सुटले म्हणून उतारावरून सगळे पळतात. सत्तरीची माणसं, गुडघ्याला पट्टे बांधलेली, पदर खोचून बायका. मी पळत नाही, मी पिशव्या सांभाळते, आणि चपलांचा ढीग.

देवावर विश्वास नसेल तर जाऊ का?

जा की. आमच्या दिंडीत एक रिटायर्ड सर यायचे, विज्ञानाचे, देव मानत नव्हते आणि ते लपवत पण नव्हते. टाळ घ्यायचे नाहीत, पण पखवाजाच्या जवळून चालायचे. सकाळी कुणी म्हणलं रामकृष्णहरी सर, की रामकृष्णहरी. मी एकदा विचारलं तुम्ही कशाला येता, तर म्हणाले घरी मी दिवसाला पाचशे पावलं चालतो आणि हजार गोष्टींवर चिडतो. फक्त माळ नसली तरी एक लक्षात ठेवा, वारीत दारू-मटण चालत नाही, आणि एकादशीला सगळ्यांसमोर वडापाव खाऊ नका.

अशी पायी यात्रा बाकी कुठे असते का?

असते की. आपल्या जवळची नर्मदा परिक्रमा, नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं, ती कुठेही ओलांडायची नाही, जुन्या पद्धतीने केली तर ३ वर्षं ३ महिने १३ दिवस. मुंबईहून शिर्डीला पायी पालख्या जातात, गोव्यातून पण दिंड्या चालत पंढरपूरला येतात, आणि बेळगाव-कारवारकडची माणसं डिसेंबरात जुन्या गोव्याला सेंट झेवियरच्या फेस्तासाठी चालत जातात. परदेशात स्पेनमध्ये कामिनो आहे, त्यात शेवटचे १०० किलोमीटर चाललं तरी सर्टिफिकेट मिळतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा जर्मनीतला मुलगा ते करून आला आणि म्हणाला आई तिकडे सगळे एकटे एकटे चालतात, गप्प. त्यावर आईचं म्हणणं, मग घरातच बसायचं की. जपानमध्ये शिकोकू बेटावर ८८ देवळांची यात्रा असते, तिथे यात्रेकरूच्या टोपीवर लिहिलेलं असतं की आम्ही दोघं चाललोय, दुसरा म्हणजे त्यांचे संत कोबो दाइशी. हे वाचल्यावर मला ते आपलेच वाटले.

फक्त एक दिवस चाललं तर चालेल का?

चालेल. आळंदी-पुणे किंवा पुणे-सासवड खूप जण करतात, ऑफिसचे ग्रुप येतात, एकसारखे टीशर्ट. मी हसायचे पूर्वी, आता नाही हसत, कारण त्यातल्याच दोघी नंतर माझ्याकडे खिसा शिवायला आल्या. फक्त दिंडीच्या मध्ये घुसून रील काढू नका, आणि विणेकऱ्याच्या पुढे उलटं चालत तर अजिबात नको, एका मुलीमुळे अख्खी टाळकऱ्यांची ओळ एकमेकांवर आदळली होती.

खर्च किती, आणि कुणाबरोबर जायचं?

एकटं जाऊ नका, दिंडीत जा. दिंडीची भिशी असते, काही हजार, त्यात जेवण, तंबू, सामानाचा ट्रक. दिंडीप्रमाणे फरक पडतो, कमी घेणारे पण आहेत आणि काहीच न घेणारे पण. आधी विचारायचे प्रश्न तीन: तंबूत किती माणसं, टँकर स्वतःचा का, आणि संडासाची सोय काय. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका. एका वर्षी मी ज्या दिंडीत गेले तिथे भिशी घेताना सगळं आहे म्हणाले आणि निघाल्यावर आठ बायकांच्या तंबूत एकवीस. पाऊस सुरू झाला की आम्ही बसून झोपायचो. सरकारचे फिरते संडास आता असतात, पूर्वीपेक्षा लय सुधारणा, पण पालखी पुढे गेल्यावर आमच्या गावात जो कचरा राहतो, पत्रावळ्या, बाटल्या, प्लास्टिकचे कागद, तो आम्ही उचलतो. त्यामुळे स्टीलची ताटली बरोबर ठेवा, एवढं ऐका माझं.

एकदा गेलं की दरवर्षी जावंच लागतं का?

कुणी बळजबरी करत नाही. पण वारी संपल्यावर परकराचा खिसा उसवून द्या म्हणून आजपर्यंत एक बाई माझ्याकडे आलेली नाही.

आणि चुकली की चुटपुट लागते. २०२० ला कोरोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, २०२१ ला पण. आमच्या गावात त्या दोन रात्री रस्ता रिकामा, पालखीतळ रिकामा. सासऱ्यांनी तरी साबुदाणा भिजवायला लावला, थोडा. शेजारच्या काकू, २६ वाऱ्या झालेल्या, रोज पहाटे गच्चीवर पताका घेऊन फेऱ्या मारायच्या आणि संध्याकाळी खालून विचारलं की सांगायच्या, आज तरडगावला पोचले.

तुम्ही स्वतः का जाता?

मी इच्छेने गेले नव्हते. २०१३ ला सासूबाई गेल्या, त्यांच्या २२ वाऱ्या झाल्या होत्या. त्यांचं पितळी तुळशीवृंदावन घरात होतं आणि सासरे कुणाला काही न बोलता ते रोज चिंच लावून घासायचे. ज्येष्ठ लागला तशी चकाकी वाढत चालली. शेवटी मीच म्हणलं जाते मी. मनात राग होता, दुकानाचा सीझन, मुलगा सातवीत, आणि हे ओझं माझ्याच डोक्यावर का.

निम्म्या वाटेपर्यंत राग होता. लोणंदला दुपारी ट्रकच्या सावलीत टेकले आणि झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन उतरलेलं, अंगावर कुणीतरी चादर टाकलेली. मी घाबरून उठले, म्हणलं किती वाजले, काय राहिलं, कुणी हाक मारली का. कुणीच मारली नव्हती. साडेतीन तास मला कुणी उठवलं नव्हतं. लग्नाला तेव्हा १५ वर्षं झाली होती, आणि असं एकदाही झालं नव्हतं.

म्हणून जाते. देवाचं म्हणाल तर कळस दिसला की माझे हात जोडले जातात, त्याच्या आत काय आहे ते मी तपासत नाही.

परत येताना पण चालत येतात का?

आम्ही नाही, आम्ही एसटीने. एकादशीनंतर स्टँडवर जी गर्दी असते त्यात खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायची, वीस दिवसांची माऊली-माऊली तिथे पाच मिनिटांत संपते, मी स्वतः एका बाईला कोपर मारलंय.

पण पालखी चालतच परत जाते. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की पादुका परतीला निघतात, माणसं थोडी, मुक्काम भराभर. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. आमच्या गावात परतीची पालखी येते तेव्हा ना टीव्ही, ना मंडप, ना साबुदाणा. मी मशीन बंद करते आणि दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहते. जाताना दर्शनाला तीन तास लागले होते, आता पादुका हाताच्या अंतरावर असतात. सासरे खिशातून सुट्टे पैसे काढतात, ठेवतात, आणि मला म्हणतात, जा आता, गिऱ्हाईक थांबलंय.